संशयितास सांगण्याचा धर्म

निरूपण म्हणजे जाणलेले बोलून दाखविणे एवढेच नव्हे. जाणणारा, जाणावयाची वस्तू आणि ऐकणारा या तिघांचा जेथे मेळ बसतो, तेथेच निरूपण घडते. एरवी तो शब्दांचा व्यय होय. अधिकारी पाहून सांगावे, हा विवेक महानुभाव परंपरेने पूर्वीपासून सांभाळला, त्याचे मूळ याच जाणिवेत आहे. परमार्थाच्या विषयात हा विवेक साधकांना परिचित आहे. परंतु व्यवहारातील एखादे सत्य, ज्यावर असंख्य जीवांचे सुखदुःख अवलंबून आहे, ते न मानणाऱ्यास कसे सांगावे, हाही धर्माचाच प्रश्न आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पृथ्वीचे हवामान बदलत आहे आणि त्या बदलास मनुष्याचे कर्म कारण आहे, हे असेच एक सत्य होय. ते सांगणारे आज पुष्कळ आहेत. पण ऐकणाऱ्याच्या मनात अनेक ठिकाणी शंका उरते, आणि कित्येकदा ती शंका धर्माच्या भाषेत बोलते. अशा वेळी न मानणाऱ्यास दोष द्यावा, की सांगणाऱ्याने आपले सांगणे तपासावे?

हा विचार हवेत करण्यापेक्षा एखादे स्थळ समोर ठेवून करणे बरे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुका त्या दृष्टीने विचारार्ह आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. महाराष्ट्रात सर्वांत दाट अरण्य राखून असलेला हाच जिल्हा. गडचिरोलीहून छत्तीसगडकडे जाणाऱ्या वाटेवर धानोरा लागते. भोवती साग, बांबू, मोह, तेंदू यांचे रान. वस्ती मुख्यतः गोंड समाजाची. पीक धानाचे आणि तेही बहुतांशी पावसाच्या भरवशाचे. चैत्रात मोहाची फुले वेचावयाची, वैशाखाच्या उन्हात तेंदूची पाने तोडावयाची, मृगाच्या आगेमागे बांधीत उतरावयाचे, असे येथील वर्ष ऋतूंच्या सूत्रात ओवलेले आहे. अशा ठिकाणी ऋतूची गाठ थोडी जरी सैल झाली, तरी तिचा धक्का थेट चुलीपर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्यांना हा विषय सर्वांआधी कळावा असे वाटते, ते हेच लोक. आणि तरीही शहरातून आलेला वक्ता येथे हा विषय काढील, तर त्याला काही आक्षेपांस तोंड द्यावे लागेल. ते आक्षेप तुच्छ नाहीत. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धान्त उभा राहत नाही, म्हणून प्रथम तेच पाहू जावे.

पहिला आक्षेप अनुभवाचा. कडक उन्हाळे पूर्वीही पडत. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. पाऊस कधी धो धो, कधी कोरडा, हे तर सनातनच आहे. मग नवे ते काय? दुसरा आक्षेप श्रद्धेचा. ऊन, वारा, पाऊस ही देवतांच्या अधीन असलेली कार्ये. तेथे मनुष्याचा हात कसा पोहोचेल? तिसरा आक्षेप वैराग्याचा. कार्यरूप प्रपंच अनित्यच आहे. जे जाणारच त्याच्या रक्षणाची चिंता साधकाने का वाहावी? आणि चौथा आक्षेप, जो बहुधा उघड बोलला जात नाही पण सर्वांत खोल असतो, तो अविश्वासाचा. हे सांगणारे कोण? काल ज्यांनी 'जंगल राखा' म्हणत आमच्याच लोकांना जंगलातून हटविले, तेच आज 'हवामान राखा' म्हणत आले नाहीत कशावरून?

अनुभवाच्या आक्षेपाचे समाधान अनुभवानेच केले पाहिजे. वृद्धाची आठवण खोटी म्हणणे हा सांगणाऱ्याचा पहिला प्रमाद होय, कारण ती खरीच असते. हत्ती आणि जात्यंध यांचा दृष्टान्त महानुभावांस सुपरिचित आहे. ज्याने पाय चाचपला त्याने खांब म्हटले, ज्याने कान चाचपला त्याने सूप म्हटले. कोणी असत्य बोलला नाही, पण प्रत्येकाच्या हाती एकेकच अवयव होता. एका वर्षाचा उन्हाळा, एका गावाचा पाऊस हा असा एकेक अवयव आहे. तीसचाळीस वर्षांची आणि साऱ्या पृथ्वीची नोंद एकत्र ठेवली, तरच हत्ती दिसतो. ती नोंद असे सांगते की १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने वाढलेले होते. मध्य भारतापुरते पाहावयाचे तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखविले की १९५० ते २०१५ या अवधीत विस्तीर्ण भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. म्हणजे वृद्धास आठवतो तो दुष्काळ खरा आणि ही वाढही खरी. दोहोंत विरोध नाही.

कारणाविषयीही तसेच. कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू उष्णता अडवितो, हे वाक्य कितीही वेळा उच्चारले तरी ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात उतरेलच असे नाही. पण पौषातल्या निरभ्र रात्री थंडी हाडापर्यंत जाते आणि आभाळ भरून आलेल्या रात्री ती तितकी बोचत नाही, हे धानोऱ्याच्या प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. जमिनीने दिवसा घेतलेली ऊब रात्री आकाशाकडे परत निघते. ढग आणि वाफ तिला घोंगडीसारखे अडवितात. कार्बन डायऑक्साइड हीदेखील अशीच न दिसणारी घोंगडी आहे. आयर्लंडात जन्मलेल्या जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये वाफ व हा वायू यांचा उष्णता शोषण्याचा गुण प्रयोगाने मोजला, आणि स्वीडनच्या स्वांते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये त्याचे गणित मांडले. दगडी कोळसा आणि खनिज तेल मोठ्या प्रमाणावर जाळण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. घोंगडी जाड होत आहे, एवढाच याचा अर्थ. सूर्यच अधिक तापला असेल, असे कोणी म्हणेल, तर त्याचेही उत्तर आहे. सूर्य अधिक तापता तर वातावरणाचे वरचे आणि खालचे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापला आणि वरचा निवला. घोंगडीच्या आत ऊब आणि बाहेर गारवा, हेच याचे लक्षण.

श्रद्धेच्या आक्षेपास विज्ञानाने उत्तर देणे युक्त नव्हे. त्याचे उत्तर श्रद्धेच्या आतूनच दिले पाहिजे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ मानणाऱ्या तत्त्वज्ञानात देवता फळ देतात हे खरे. पण फळ कर्माचेच असते आणि कर्माचे कर्तृत्व जीवाकडे असते. जीवाच्या करण्याला काही परिणामच नाही असे म्हटले, तर आचारधर्माचा पायाच निखळेल. तेव्हा 'मनुष्याच्या हातून काय होणार' हे वाक्य दिसावयास नम्र असले तरी सिद्धान्तास धरून नाही. मात्र येथे सांगणाऱ्याने एक मोठी सावधगिरी बाळगली पाहिजे. कर्मसिद्धान्ताचा उपयोग दुःखितास दोष देण्याकडे होऊ नये. ज्याचे धान वाळले त्याच्या पूर्वकर्माची चर्चा करीत बसणे म्हणजे स्वतःच्या आजच्या कर्मावर पांघरूण घालणे होय. कोणाच्या पदरी कोणते संचित आहे याचा निवाडा मनुष्याकडे सोपविलेला नाही. आपल्या हातून परपीडा घडू नये, एवढा भाग मात्र त्याच्याकडे नि:संशय सोपविलेला आहे.

वैराग्याचा आक्षेपही असाच आतून सोडविता येतो. अनित्यतेचा बोध साधकाला स्वतःच्या आसक्तीतून सोडविण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या यातनेकडे पाठ फिरविण्याचा तो परवाना नव्हे. घर अनित्य आहे म्हणून शेजाऱ्याच्या घरास लागलेली आग पाहत बसणे याला कोणी वैराग्य म्हणणार नाही. किंबहुना खरा विरक्त हाच या प्रश्नाचे जिवंत उत्तर आहे. ज्याच्या गरजा थोड्या, ज्याचे अटन पायी, ज्याचा आहार भिक्षेचा, त्याच्या हातून पृथ्वीस लागणारा धक्का सर्वांत हलका असतो. अनित्य म्हणून ओरबाडणे आणि अनित्य म्हणून न अडकणे या दोन वृत्ती शब्दाने जवळ, पण आचाराने परस्परविरुद्ध आहेत.

आता राहिला अविश्वासाचा आक्षेप. तो युक्तीने सुटत नाही. कारण तो बुद्धीचा नसून इतिहासाचा आहे. इंग्रजी अमदानीत १८७८ व १९२७ चे वन कायदे झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानात लोक राहत होते त्याच रानात त्यांचे राहणे, वेचणे, चारणे ही सरकारच्या मर्जीची गोष्ट झाली. अशा लोकांना कोणी 'तुमच्या वणव्याने पृथ्वी तापते' असे सुनावले, तर ते वाक्य अंशतः खरे असूनही अन्याय्य ठरते. मोह वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवितात आणि ती आग रानात पसरते, हे खरे. तिने कोवळी रोपे आणि भूचर जीव होरपळतात, हेही खरे. पण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालते. त्याची वीज दूरदूरची शहरे उजळते. भारतात दरडोई वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. आणि भारताच्या सरासरीतही शहरातल्या धनिकाचा वाटा वेगळा, रानातल्या वेचणाऱ्याचा वेगळा. सांगणाऱ्याने हा हिशेब लपवून केवळ वणव्याची गोष्ट सांगितली, तर त्याने अर्धे सत्य सांगितले. आणि उरलेले अर्धे ऐकणाऱ्यास आधीच ठाऊक असल्यामुळे सांगितलेले अर्धेही वाया गेले. यास्तव दोषाचा भार जेथला तेथे ठेवणे हा निरूपणाचा पहिला नियम होय.

दुसरा नियम शिकावयाचा तर लीळाचरित्रातील ससिकरक्षणाची लीळा आठवावी. कुत्रे आणि पारधी पाठीशी लागलेला ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली येऊन लपला. पारध्यांनी तो मागितला. त्यांची त्यावर होड होती, आणि ससा न मिळाला तर आपसात शस्त्रे निघण्याची वेळ होती. सर्वज्ञांनी त्यांना शाप दिला नाही, नरकाचे भय दाखविले नाही, त्यांच्या जातीचा वा व्यवसायाचा धिक्कार केला नाही. शरण आलेल्यास मरण कसे असेल, एवढे त्यांनी विचारले. मग जे पारध्यांच्या रोजच्या पाहण्यातले होते तेच त्यांच्यापुढे ठेवले: हा जीव रानात राहतो, गवत खातो, ओहोळाचे पाणी पितो, याला का मारावे? यानंतर पुढे मारणार नाही हा शब्द आला तो पारध्यांच्याच तोंडून. तो सर्वज्ञांनी त्यांच्यावर लादला नाही. आणि ते गेल्यावर त्या सशालाही सन्मानाने संबोधून जाऊ दिले. या लीळेचे अहिंसापर निरूपण नेहमी होते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात सांगण्याच्या रीतीचेही रहस्य आहे. ऐकणाऱ्यास दिसते त्यापासून आरंभ करावा, प्रश्न त्याच्या विवेकास विचारावा, आणि संकल्प त्याच्याच मुखातून येऊ द्यावा. जो संकल्प दुसऱ्याच्या मुखाने केला जातो, तो दुसरा दृष्टीआड होताच संपतो.

तिसरा नियम भाषेचा. श्रीनागदेवाचार्यांनी संस्कृतात बोलणाऱ्या केशोबास व पंडितास स्वामींनी आपणास मराठीतच निरूपिले याची आठवण दिली आणि आपल्याकडील साध्याभोळ्या वृद्धा स्त्रियांना कळणार नाही अशी भाषा नको म्हटले, हा स्मृतिस्थळातील प्रसंग सर्वश्रुत आहे. त्या काळी संस्कृताचा जो दरारा होता, तो आज 'उत्सर्जन', 'शमन', 'अनुकूलन' अशा सरकारी आणि शास्त्रीय संज्ञांचा आहे. या संज्ञा चुकीच्या नाहीत. विद्वानांस त्यांची गरज आहे. परंतु धानोऱ्याच्या गावात गोंडी बोलणाऱ्या आजीपुढे त्या उच्चारणे म्हणजे तिच्यासाठी दार लावून घेणे होय. पावसातला खंड, अवकाळी पावसात भिजून काळी पडलेली मोहाची फुले, तेंदूच्या हंगामातले सोसवेनासे ऊन, हे तिचे शब्द आहेत. ज्याला तिच्या शब्दांत सांगता येत नाही, त्याला तो विषय अजून स्वतःला पुरता कळलेला नाही, असे समजण्यास हरकत नाही.

हे तिन्ही नियम केवळ ग्रंथातले नाहीत, याची साक्ष धानोऱ्यापासून थोड्याच अंतरावर मिळते. मेंढा हे सुमारे शंभर घरांचे गोंड गाव. लेखा या शेजारच्या गावासह ते मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांपासून देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी यांनी, तसेच त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांनी, येथे दोन गोष्टी रुजविल्या. एक अभ्यास गट. दुसरी सर्वसहमतीने चालणारी ग्रामसभा. अभ्यास गटात जाणकारास बोलवावयाचे, त्याचे ऐकावयाचे, त्याला प्रश्न विचारावयाचे. निर्णय मात्र तेथे घ्यावयाचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. एकाचाही विरोध असेल, तर त्याचे समाधान होईपर्यंत थांबावयाचे. म्हणजे येथे संशयी मनुष्य हा अडथळा मानला जात नाही; त्याचा संशय हा निर्णयाच्या कसोटीचा दगड मानला जातो.

या रीतीचे फळ पाहावे. पूर्वी मध काढताना पोळ्याखाली आग लावीत. त्यात माशा आणि त्यांची पिल्ले जळत. मधमाश्यांचा अभ्यास झाल्यावर पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून पिल्लांचा भाग राखण्याची अहिंसक रीत गावात आली. ती कोणाच्या मनाईने आली नाही. माशी जगली तर पोळे पुन्हा भरते आणि रानही फळते, हे समजल्याने आली. वन हक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्यांना काल रानाचे शत्रू म्हटले गेले, ते आज त्याचे राखणदार आहेत. आणि राखलेले रान हवेतला तोच वायू आपल्या खोडात व मातीत साठविते. हवामानबदल हा शब्द उच्चारण्यापूर्वीच त्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग या गावाने आचरला होता. तेथे जाऊन सांगणाऱ्याने प्रथम हे ऐकावे आणि मग बोलावे, हेच शोभते.

इतर धर्मीयांचा अनुभवही याच दिशेचा आहे. ब्रिटनचे हवामानशास्त्रज्ञ सर जॉन हॉटन हे संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली १९८८ मध्ये स्थापन झालेल्या हवामानविषयक समितीच्या शास्त्रीय गटाचे दीर्घकाळ प्रमुख होते आणि निष्ठावंत ख्रिस्तीही होते. अमेरिकेतील जे धर्मोपदेशक शास्त्रज्ञांचे ऐकत नव्हते, त्यांतील काहींनी हॉटन यांचे ऐकले. टेक्सासमध्ये अध्यापन करणाऱ्या कॅथरीन हेहो याही श्रद्धावान ख्रिस्ती. श्रोत्यांना आधीपासून प्रिय असलेल्या गोष्टींपासून, मुलाबाळांपासून, शेतापासून, श्रद्धेपासून बोलण्यास आरंभ करावा, अशी त्यांची रीत. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या विषयावर समग्र धर्मपत्र काढले, आणि त्याच वर्षी इस्तंबूल येथे मुस्लिम विद्वानांनीही घोषणापत्र प्रसिद्ध केले. श्रद्धेतून आलेला संशय श्रद्धावंताकडूनच निवतो, हा यातील बोध.

परंतु या बोधातच एक मोह दडलेला आहे. आपल्या शास्त्रात हे सारे आधीच सांगितले आहे, असे म्हणून टाळ्या मिळविणे सोपे असते. सूत्रपाठात कार्बनचा शोध लावणे ही भक्ती नव्हे. तो शास्त्राचाही अनादर आहे आणि विज्ञानाचाही. शास्त्र जीवाने कसे वागावे ते सांगते. हवा किती तापली ते तापमापक सांगतो. दोघांची कामे वेगळी ठेवली, तरच दोघांचा शब्द खरा राहतो. तसाच दुसरा मोह भयाचा आणि अतिशयोक्तीचा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेस महापूर आला. तो सर्वस्वी हवामानबदलाने आला असे ठोकून सांगितले, तर ज्याने वरच्या धरणांतून सोडलेले पाणी पाहिले आहे तो मनात हसेल आणि पुढचे खरेही ऐकणार नाही. तापलेली हवा अधिक बाष्प धरते, दर अंशामागे सुमारे सात टक्के, म्हणून मुसळधार पावसाचा संभव वाढतो, एवढे सत्य पुरेसे आहे. हेतू चांगला असला तरी फुगवून सांगणे हे ऐकणाऱ्याच्या बुद्धीची हिंसा होय. कारण त्यात त्याला विचार करण्यास नव्हे, बिचकण्यास लावलेले असते.

येथे एक गंभीर शंका उरते. सर्वांची समजूत पटेपर्यंत थांबावयाचे, तर पृथ्वी थांबणार आहे काय? २०२४ हे वर्ष नोंदीतील सर्वांत उष्ण ठरले. पूर्वकाळाच्या तुलनेने ते सुमारे दीड अंशाने अधिक तप्त होते. सहमतीची वाट पाहणे हे अशा वेळी कर्तव्यच्युती ठरणार नाही काय? या शंकेचे समाधान संशय आणि स्वार्थ यांतील भेद ओळखण्यात आहे. संशयितास अजून कळलेले नसते. स्वार्थी मनुष्यास कळलेले असते, पण वळावयाचे नसते. अमेरिकेतील एक्झॉन या तेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून पुढे केलेली तापमानवाढीची भाकिते बरीचशी अचूक होती, असे २०२३ मध्ये एका अभ्यासाने दाखविले. आणि कंपनी मात्र जाहीरपणे दीर्घकाळ अनिश्चिततेचीच भाषा बोलत राहिली. अशांना निरूपणाची गरज नसते. तेथे राजदंडाचे, कायद्याचे काम आहे, आणि ते त्वरित झाले पाहिजे. जेथे सत्ता आणि लाभ मोठा तेथे नियम कठोर असावा. जेथे दोष अल्प आणि दुःख मोठे तेथे समजावणे धीराचे असावे. आज बहुधा उलटे घडते: बलवंताची मनधरणी होते आणि दुर्बळास हुकूम सुटतो. त्वरा करावयाची ती येथे करावी. संशयितास दिलेला वेळ वाया जात नाही. त्याचा संशय फिटला, तर तोच पुढे बलवंताकडे हिशेब मागावयास उभा राहतो.

शेवटचा नियम सांगणाऱ्याच्या आचाराचा, आणि तो या पानांच्या वाचकांशी अधिक निगडित आहे. संन्यस्त महात्मे व साध्वी गावोगाव फिरतात; त्यांचे ऐकले जाते, कारण त्यांना काही विकावयाचे नसते. हा विश्वास परंपरेने मिळविलेले धन आहे, आणि अशा विषयात त्याचा विनियोग व्हावा हे उचितच आहे. परंतु हा विश्वास आचारावर उभा असतो. जेथे यात्रेनंतर प्लास्टिकच्या पत्रावळी आणि पेल्यांचे ढीग मागे राहतात, जेथे एका संध्याकाळच्या रोषणाईसाठी रात्रभर डिझेलचे यंत्र चालते, तेथून निघालेले पृथ्वीरक्षणाचे प्रवचन कितीही सुंदर असले, तरी मोह वेचणारी स्त्री ते तोलून पाहील आणि हलके ठरवील. ते तिचे तोलणे योग्यच असेल. आश्रमांनी, वासनिकांच्या मंडळांनी आपल्या उत्सवांचा हिशेब आधी करावा. झाडाखालचा पाला पेटविण्याऐवजी झाडाखाली जाळी बांधण्याची सूचना मग करावी, आणि शक्य झाल्यास ती जाळी घेऊनच जावे.

सारांश, न मानणाऱ्यास जिंकणे हा सांगणाऱ्याचा धर्म नव्हे. दोष जेथला तेथे ठेवावा. दिसते त्यापासून आरंभ करावा. ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलावे. भयाने वा फुगवून सांगू नये. शास्त्राच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. आणि जे सांगावयाचे ते आधी आपल्या अंगी दिसावे. एवढे केल्यावरही कोणी मानले नाही, तर पुन्हा जाऊन ऐकावे, कारण त्याच्या नकारात कित्येकदा असे एखादे सत्य असते जे सांगणाऱ्याच्या हाती आलेले नसते. पारधी शस्त्र खाली ठेवून गेले ते हरले म्हणून नव्हे. जे ते रोज पाहत होते ते त्यांना त्या दिवशी दिसले म्हणून. धानोऱ्याच्या रानात, आणि त्या रानापलीकडच्या शहरांतही, आज तसे दिसण्याचीच गरज आहे.